मामाजी डब्यात अडकले तेव्हा चेसिस समजली

मागच्या मार्चची गोष्ट. नागपूरजवळ कुहीकडे माझ्या मित्राचं शेत आहे, तिथे दुपारी दीडच्या सुमाराला माझे सासरे, म्हणजे मामाजी, मी बांधलेल्या डब्यात अडकले. डबा म्हणजे टाटा ४०७ या छोट्या ट्रकच्या चेसिसवरचं, म्हणजे खालच्या लोखंडी पायावरचं, आमचं होऊ घातलेलं फिरतं घर. लोक त्याला कॅम्पर म्हणतात, आमच्या घरी डबाच म्हणतात, आणि बायको चिडली की डबडं. तर दार आतून उघडेना, बाहेरून मी आणि मित्र दोघंही हँडलला लटकलो तरी हलेना, आत नुसती भट्टी, कारण तेव्हा खिडक्या बसल्या नव्हत्या आणि इन्सुलेशनही नव्हतं, नुसता पत्रा. आणि मामाजी आतून एकदम शांतपणे विचारून राहिले, "जवाईबापू, गाडी कशी उभी केली तुमी?"

मी म्हटलं मामाजी दार फसलं आहे, गाडीचं काय घेऊन बसले. तर पुन्हा तेच. "थे सांगतो मी मंग. समोरचं चाक धुऱ्यावर आहे का?"

होतं. समोरचं डावं चाक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चढलेलं आणि मागचं डावं नालीत उतरलेलं. आम्ही मुद्दामच तशी उभी केली होती, फोटो चांगला येईल म्हणून, आता खोटं कशाला बोलू.

"सपाटीवर घ्या," आतून आवाज. मित्राने स्टार्टर मारला, दहा-बारा फूट पुढे घेतली, आणि चाक धुऱ्यावरून उतरल्याबरोबर टक् करून आवाज आला आणि दार आपलं आपण दोन बोटं उघडलं. मामाजी घामाने निथळत खाली उतरले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचं एक टोक डाव्या हातात, दुसरं उजव्या हातात, आणि उलटसुलट पिळला. पाणी गळलं. म्हणे, "तुमची चेसिस हे करून राहिली. आन तुमी तिच्यावर पेटी ठोकली खिळे मारून."

मामाजी एसटीतून रिटायर झालेले. हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आयुष्य गेलं, म्हणजे जिथे चेसिस येते आणि लाल बस होऊन बाहेर जाते तिथे. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत होता आणि मी मात्र इंटरनेटवरचे जर्मन लोकांचे ट्रक पाहून त्यांना शिकवत होतो, याची लाज आता वाटते. तेव्हा वाटली नाही.

सुरुवातीपासून सांगतो.

आधी मला फोर बाय फोरच पाहिजे होता, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळतो असा ट्रक. एकदा जबलपूरलाही जाऊन आलो, इथून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे १९६९ पासून लष्कराच्या गाड्यांचा कारखाना आहे, शक्तिमान, जोंगा, नंतर स्टॅलियन, सगळे तिथले, त्यामुळे निकाली काढलेल्या लष्करी गाड्यांच्या व्यवहारातले लोकही तिथे भेटतात. स्टॅलियन जवळून पाहिला आणि माझी हौस तिथेच अर्धी झाली. चाकच माझ्या छातीएवढं, कॅबिनमधे चढायला शिडीसारखं चढावं लागते, आणि पार्ट लागला तर मी बँकेतून हाफ डे टाकून कुठे शोधत फिरू? त्यापेक्षा ४०७. १९८६ पासून आहे, भारतात असा तालुका दाखवा जिथे त्याचा क्लचप्लेट बदलून देणारा मिस्त्री नाही. जंगलाच्या कडेच्या गावात रात्री आठ वाजता पाटा तुटला तर तिथलाच कोणीतरी सकाळपर्यंत दुसरा बसवून देतो. पाटा म्हणजे स्प्रिंगची पट्टी, पुण्याकडच्या लोकांसाठी सांगतो.

आणि फोर बाय फोरबद्दल एक मत आहे माझं, पटलं तर घ्या. विदर्भात ऑफरोड म्हणजे नव्वद टक्के वेळा मुरूम, गिट्टी, नाल्याची वाळू, आणि पांदण. याच्यात उंची आणि चांगले टायर असले की मागच्या दोन चाकांवर काम भागते. उरलेले दहा टक्के म्हणजे पावसातली काळी माती, आणि त्या मातीत फोर बाय फोर असलं तर फरक एवढाच की दोनच्या ऐवजी चार चाकं जागच्या जागी फिरतात. ती माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, पाच मिनिटांत टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. पाऊस पडला की शेतकरीसुद्धा ट्रॅक्टर काढत नाही तिथे मी कोण. मृग लागला की डबा डांबरावर, एवढं साधं आहे.

तर उमरेडकडच्या एका गिट्टीवाल्याकडून ३४०० मिलिमीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) जुनी ४०७ घेतली, तीन लाख चाळीस हजारात. मागची डाल्याची, म्हणजे माल वाहायची उघडी बॉडी काढून त्यालाच परत विकली. चेसिस उघडी पडली, मी खुश, आता वायर ब्रश आणि काळा रंग मारू म्हटलं. मामाजी म्हणाले थांबा. डिझेलची बाटली मागवली, चिंधीने दोन्ही लाँग मेंबरला, म्हणजे चेसिसच्या दोन लांब तुळयांना, डिझेल चोपडलं, विशेष करून मागच्या पाट्यांचे हँगर जिथे रिवेटने बसलेत तिथे. अर्धा तास चहा. मग कोरड्या कापडाने सगळं लख्ख पुसलं, आणि नातीच्या दप्तरातला खडू कुटून त्याची पूड तिथे फासली. पांढरी शुभ्र पट्टी. आम्ही पाहत बसलो, काहीच नाही, काहीच नाही, आणि मग त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक ओली रेघ हळूहळू उमटायला लागली, रिवेटच्या भोकापासून निघून खालच्या कडेकडे, दीड इंच. आत तड्यात शिरलेलं डिझेल खडू ओढून घेऊन राहिला होता. मी हजार वेळा त्या जागेवरून हात फिरवला होता, मला काही दिसलं नव्हतं.

"गिट्टीची गाडी आहे," मामाजी म्हणे, "तडा नसता तं मी घाबरलो असतो."

तडा दुरुस्त करायची पद्धत अशी की आधी त्याच्या अगदी टोकाला एक बारीक भोक मारायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, मग खाच करून वेल्डिंग, मग आतून पट्टी. आणि पट्टीची टोकं सरळ कापायची नाहीत, तिरपी कापायची, कारण सरळ कापली तर जिथे पट्टी संपते तिथेच पुढचा तडा जातो. अजून एक, लाँग मेंबरचा आकार इंग्रजी सी सारखा, त्याच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडेला कधीही भोक मारायचं नाही, मारायचंच असेल तर मधल्या उभ्या भागात. वाकण्याचा सगळा ताण त्या आडव्या कडा घेतात. हे मला माहीत होतं, वाचलं होतं, आणि तरीही पुढे काय झालं ते बघा.

मला वाटलं बेस फ्रेम म्हणजे सबफ्रेम, चेसिस आणि डब्याच्या मधली लोखंडी चौकट, ती आपण घरी नको करायला, व्यावसायिक माणसाला देऊ. वाडीकडे बॉडीवाल्यांची लाइन आहे, तिथे एका ठिकाणी दिली. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, त्यांना डाले बांधायची सवय आणि मी सांगून राहिलो घर. मी त्यांना एकच वाक्य सांगितलं होतं, एकदम मजबूत पाहिजे, हलली नाही पाहिजे. तिथेच चूक. त्यांनी माझं ऐकलं. आठ यू-बोल्ट करकचून आवळले, त्यातही समाधान नाही म्हणून चार ठिकाणी अँगल टाकून खालून नट बोल्ट मारले, आणि ते कुठे मारले असतील? बरोबर, आडव्या कडेत. मी बँकेत होतो त्या दिवशी. वर चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्ड केला, पत्रा ठोकला, दार बसवलं. दिसायला असा मजबूत की बाजूचा ट्रकवाला येऊन विचारून गेला की याच्यात पैसे नेणार का बँकेचे.

मामाजींनी तेव्हाच एक प्रश्न विचारला होता, "मधी लाकूड नाही टाकलं?" जुने बॉडीवाले चेसिस आणि बॉडीच्या मधे लाकडाची पट्टी टाकत आलेत, लोखंडावर लोखंड ठेवत नाहीत. मी म्हटलं मामाजी, लाकूड सडते. आता आठवलं की कानशीलं गरम होतात.

तर धुऱ्यावर नेमकं काय झालं ते सांगतो, कारण या सगळ्या उद्योगातली एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवावी असं वाटत असेल तर ती ही. चौकोनी पाइपचा दोन फुटांचा तुकडा घ्या आणि हाताने पिळून बघा. नाही पिळत. आता ग्राइंडरने त्याच पाइपला एका बाजूने लांबीभर चीर मारा, आणि पिळा. कसा गपकन पिळतो. बंद आकार पिळत नाही, उघडा आकार पिळतो. ट्रकची चेसिस उघड्या सीचीच करतात, म्हणजे एक चाक खड्ड्यात आणि एक टेकाडावर गेलं तरी चेसिस थोडी पिळते आणि चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. तो तिचा स्वभाव आहे. आणि वर आपण जे घर ठेवतो तो सहा बाजूंनी बंद डबा, तो अजिबात पिळायला तयार नाही. काडेपेटी आतल्या कप्प्यासकट दाबून बघा, मग कप्पा काढून दाबा, समजते. आता या दोघांना आठ यू-बोल्टने गळ्यात गळा घालून बांधलं तर भांडणात कोणीतरी एक फाटणार. डब्यातलं सगळ्यात मोठं भोक म्हणजे दार, म्हणून पहिला फरक तिथे. चौकट चौकोनाची तिरपी झाली आणि मामाजी आत.

दुसऱ्या दिवशी बारकाईने पाहिलं तर दाराच्या वरच्या कोपऱ्यात वेल्डिंगला तडा गेलाच होता, आणि हे फक्त एका धुऱ्यावर, चिखलदऱ्याचा घाट नाही की मेळघाटातला रपटा नाही.

मी दोन आठवडे त्या गाडीकडे फिरकलो नाही. एक लाख दहा हजार त्या सांगाड्यात गेले होते. बायको काही बोलली नाही, फक्त एकदा जेवताना म्हणाली, एवढ्यात मनाली झालं असतं दोनदा, विमानाने. मुलीने शाळेत सांगून ठेवलेलं की आमचं घर चालते.

मग मामाजींचाच फोन. "रविवारी काय करता? दोरी आन ओळंबा घेऊन या."

त्या रविवारी आम्ही तो डबा चेसिसवरून उतरवला, चार बल्ल्या, चेन कप्पी आणि शेतातले सहा गडी. मग मोकळी चेसिस घेऊन समोरच्या डाव्या चाकाखाली आणि मागच्या उजव्या चाकाखाली फूटभर उंचीचे लाकडी स्लीपर ठेवले आणि मागच्या टोकापासून समोर कॅबिनच्या पाठीपर्यंत दोन्ही लाँग मेंबरवर दोऱ्या ताणल्या. मागचं टोक समतल धरलं तर पुढचा कोपरा डब्याच्या रुंदीवर बेचाळीस मिलिमीटर वर. जवळजवळ तीन बोटं. उलटी बाजू केली, तर तेवढंच उलट. म्हणजे डब्याखालची जागा दोन्ही बाजूंनी तीन-तीन बोटं हलते, आणि मी तिला म्हणत होतो हलू नको.

याच्यावर जगभरचे लोक काय करतात तर एक म्हणजे तिवई. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर डगमगत नाही, चौरंग डगमगतो. म्हणून डबा चेसिसवर तीनच जागी टेकवायचा, दोन मागे आणि एक पुढे मधोमध, तो पुढचा फिरता. चेसिस खाली काय पिळायची ती पिळो. युनिमॉग या जर्मन ट्रकवर बरेचदा असंच असते. पण युनिमॉगची चेसिस कुठे आणि आपली गिट्टी वाहून थकलेली ४०७ कुठे. सगळं वजन तीन जागी आलं की पुढचा टेकू ज्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे दोन लाँग मेंबरना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर, येतो तो इतका जाड नाही, आणि लाँग मेंबरवरही दोनच ठिकाणी भार. मामाजींनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. बुढ्ढ्या बैलाला एकाच खांद्यावर जू नका देऊ, असं काहीतरी म्हणाले.

मग दुसरी पद्धत घेतली. सबफ्रेमचे दोन लांब चॅनेल चेसिसच्या लाँग मेंबरवर पूर्ण लांबीभर बसतात, म्हणजे वजन सगळीकडे पसरते. मागच्या बाजूला दोन जागी पक्कं आवळलेलं. मधे दोन आणि पुढे दोन जागी बोल्ट, पण त्या बोल्टवर स्प्रिंग. सपाट रस्त्यावर स्प्रिंग दाबून धरते आणि डबा चेसिसला चिकटून बसतो, गाडी पिळली की ज्या बाजूला ताण येतो त्या बाजूची स्प्रिंग दबते आणि चेसिस डब्यापासून थोडी सुटी होते. सुटी झाली म्हणून डबा आडवा सरकू नये यासाठी दोन-दोन फुटांवर बाजूला गाइडच्या प्लेटा, त्या फक्त वरखाली जाऊ देतात. चेसिसला जी काही भोकं मारली ती सगळी उभ्या भागात, यावेळी मी स्वतः उभा होतो. आडव्या कडेतली जुनी चार भोकं मात्र बुजवून घेतली, त्याचा राग अजून आहे.

स्प्रिंगा कुठून आणल्या तर हिंगणा एमआयडीसीत प्रेसच्या डायमधे ज्या जाड चौकोनी तारेच्या रंगीत स्प्रिंगा असतात त्या. भंगारात किलोवर मिळतात, पण एका रंगाच्याच घ्यायच्या, रंगावरून कडकपणा ठरतो, दोन लाल आणि दोन हिरव्या उचलून आणल्या तर डबा एका बाजूला रुसून बसतो. आणि मामाजींचं लाकूड? त्याच्याऐवजी कोळशाच्या खाणीतल्या जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या पट्ट्या टाकल्या. दहा मिलिमीटर जाड, आत कापडाचे थर, उन्हाने काही होत नाही पाण्याने काही होत नाही, नागपुरात भंगारवाल्याकडे वाटेल तेवढ्या. पट्टी कापताना तीन जिगसॉ ब्लेड गेले. मामाजींनी पट्टी हातात घेऊन वाकवली, नखाने खरवडली, वास घेतला, आणि म्हणाले "चालते." एसटीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं "चालते" म्हणजे काय ते मला विचारा.

वेल्डिंगला यावेळी कामठी रोडकडचे एक चाचा आले, सत्तरीचे, मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि स्प्रिंगकडे बघून म्हणाले, "सही है, टरक है, मकान थोडी है." कॅबिन आणि डब्याच्या मधे पाच इंच मोकळे सोडले. कॅबिनमधून थेट घरात जायचं भोक करायचं स्वप्न होतं माझं, ते सोडलं. कॅबिन चेसिससोबत हलणार, डबा हलणार नाही, मधे रेल्वेच्या दोन डब्यांमधे असतो तसा रबरी भाता लावावा लागला असता. पाऊस आला तर उतरून पळत जाऊ, काय मरतो का माणूस.

डबा मात्र पूर्ण नवा केला. लोखंडी सांगाडा आणि वरून पत्रा याच्यात नागपूरच्या मे महिन्यात राहायचं म्हणजे स्वतःहून तंदुरीत जाऊन बसणं. आपल्याकडे पारा सत्तेचाळीसला जातो, पत्रा हात लावू देत नाही. म्हणून कोल्ड स्टोरेजवाले वापरतात ते पफ पॅनल घेतले, दोन्ही बाजूंनी पातळ पत्रा आणि मधे फोम, भिंतीला पन्नास मिलिमीटर, छताला साठ. दहा बाय सहा फुटांचा डबा, आत उभं राहण्याएवढी उंची, सगळे पॅनल मिळून साडेतीनशे किलोच्या आत. आधीचा सांगाडा आणि पत्रा मिळून याच्यापेक्षा कितीतरी जास्त होता. हे पॅनल स्वतःच ताकद देतात, फक्त कोपऱ्यांना आतून बाहेरून अँगल लावून चिकटवायचे, आणि एक लक्षात ठेवायचं की आतला अँगल आणि बाहेरचा अँगल एकाच आरपार बोल्टने जोडायचा नाही. नाहीतर तो बोल्ट बाहेरचं ऊन आत आणून सोडतो, आणि डिसेंबरात त्याच बोल्टच्या डोक्यावर दव साचून थेंब थेंब गळते. आम्ही पहिले चार असेच मारले, त्यातला एक नेमका माझ्या उशीच्या वर. दार आणि खिडक्यांच्या भोकांचे कोपरे गोल कापले, बसच्या खिडक्यांसारखे, काटकोनात तडा लवकर जातो म्हणून.

पण इन्सुलेशन म्हणजे एसी नाही हे लोकांना समजत नाही, मलाही समजलं नव्हतं. ते फक्त उशीर करते. सकाळी बंद ठेवलेला डबा दुपारी दोनपर्यंत बाहेरपेक्षा बराच बरा असतो आणि संध्याकाळी सातला बाहेर हवा सुटते तेव्हा तोच आत ऊब धरून बसतो. म्हणून छताला झरोका आणि पंखा, संध्याकाळी आतली गरम हवा फेकायला.

आणि कूलर! नागपूरचा माणूस आणि कूलर नाही असं होईल का. कोरड्या उन्हात एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत घेऊन जाते, आणि त्यासाठी आपल्याला फक्त पंखा आणि छोटी मोटर चालवायची, बारा व्होल्टवर साठ-सत्तर वॅट. एवढ्यात एसीचा कॉम्प्रेसर घसासुद्धा खाकरत नाही. भानगड अशी की दुपारी कूलर तासाला तीन-चार लिटर पाणी पितो. टाकी एकशेवीस लिटरची. कूलरला पाजायचं की माणसांना हा रोजचा वाद, त्यामुळे दुपारी बारा ते चार एवढाच चालवायचा ठरलं. आणि जूनमधे हवा दमट झाली की तो निकामी, मग फक्त वास येतो.

बाकीचं पटकन सांगतो कारण यात काही विशेष नाही. छतावर दीडशे वॅटचे तीन पॅनल, आडवे, झरोका सोडून. मेमधे ऊन भरपूर पण पॅनल तापले की दर डिग्रीमागे पाव ते अर्धा टक्का कमी देतात, म्हणून छतापासून दोन इंच उचलून बसवले, खालून वारा जातो, आणि डब्याला सावलीही होते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची दोनशे अँपिअर तास, आत खाली जमिनीलगत, वर उष्णतेत नाही. पाण्याच्या टाकीत आडवे पडदे घालून घेतले नाहीतर ब्रेक मारला की एकशेवीस किलो पाणी समोर धावत येते आणि मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटते. टाकी मागच्या एक्सलच्या थोडी पुढे. मागे जोडचाकं आहेत, त्यांच्या मधे दगड अडकतो, गिट्टीवरून आलं की उतरून बघायचं आणि हातोड्याने पाडायचा, नाहीतर टायर आतून फाटतो.

वजनाचं मात्र एक सांगतोच. बांधायच्या आधी चेसिस कॅबिनसकट काट्यावर नेली, आरसीवरच्या एकूण वजनातून ते वजा केलं, माणसं वजा केली, पंधरा टक्के हातचे राखले, तर सोळाशे किलो शिल्लक राहिले. फळी-फळी वजन करून वहीत लिहिली. बायकोने पोळपाट आणि खलबत्ता आणला तोही काट्यावर ठेवला, तेव्हा तिने जे पाहिलं माझ्याकडे. पूर्ण झाल्यावर परत काट्यावर, आणि एकदा फक्त समोरची चाकं काट्यावर चढवून, म्हणजे पुढे किती मागे किती ते कळते. काटेवाल्याला वाटलं मी त्याला फसवायला आलो.

कागदपत्रांचं विचारतात सगळे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे स्पष्ट सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे. तर आधी कागद, मग कटर, मी उलटं केलं. माझी फाइल सध्या फिरून राहिली आहे, आणि ती फिरते तोपर्यंत डबा कुहीच्या शेतात आहे, फिरतं घर फिरत नाही पण फाइल फिरते.

त्या शेतात गेल्या महिन्यात शेवटची चाचणी केली. तोच धुरा, तीच नाली, समोरचं डावं चाक वर आणि मागचं डावं खाली. मी चेसिसच्या बाजूला मातीत आडवा झोपलो मोबाइलचा टॉर्च घेऊन. मित्राने पहिल्या गिअरमधे हळूहळू चढवली. आधी कन्व्हेअर बेल्टची पट्टी करकरली, मग पुढच्या उजव्या कोपऱ्यातली लाल स्प्रिंग दबायला लागली, एकेक वेढा जवळ येत गेला, आणि सबफ्रेम आणि लाँग मेंबरच्या मधे उजेड दिसायला लागला. आधी दोऱ्याएवढा, मग बोटभर, मग त्या फटीतून मला पलीकडची तुरीची झाडं दिसली. वर डबा सरळच्या सरळ. म्हणजे कलला होता, पण पिळला नव्हता.

मामाजी तोवर आत जाऊन बसले होते, आम्हाला न विचारता. दार लावल्याचा आवाज आला. मग उघडल्याचा. परत लावलं, परत उघडलं, असं चार-पाच वेळा, मग आतली कडी लावून काढून पाहिली, मग खिडकी. मी मातीतून उठलो, म्हटलं मामाजी, झालं नं, या खाली, गाडी सपाटीवर घेतो.

"राहू द्या अशीच," आतून आवाज आला. "कूलर लावा फक्त. मी पडतो जरासा."